सवतीचे श्वास

पिंपळगाव रेणुकाईत रामरावांची धाकटी बायको उषाबाई न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली होती आणि थोरली तुळजाबाई उशाशी बसून तिचे श्वास मोजत होती. हो, सवतीचे श्वास सवतीनंच! नर्स बेबीनंदानं इंजेक्शन देऊन आपलं घड्याळ तिच्या हाती सोपवलं होतं. "काकू, बारीक काट्याचा एक फेरा होईस्तोर छाती कितींदा वर येती ते मोजा. दोन विसांच्या वर गेली की जल्दी सांगा. मंग जालन्याला न्यावं लागंल."

तुळजाबाईला मूल नाही म्हणून सासू गोजरबाईनं तीन वर्षांमागं ही सवत तिच्या उरावर आणून बसवली. तुळजाबाईच्या तापात रामरावांनी कधी पाण्याचा तांब्या पुढं केला नव्हता. तेच आता धाकटीचे तळपाय चोळत बसत. तुळजाबाईच्या अंगाचा तिळपापड होई. मरावी एकदाची, असं तिला वाटे. खोटं कशाला सांगावं, वाटेच!

सकाळी मोजले, तर दोन विसा आणि सहा. उषाबाईचे ओठ निळे पडत चालले होते. एवढ्यात दुसऱ्या गल्लीतल्या अडलेल्या बाळंतिणीकडं निघालेल्या बेबीनंदानं रस्त्यावरूनच विचारलं, "काकू, किती?"

"एक वीस न् चार," तुळजाबाई बोलून गेली. बेबीनंदा निश्चिंत होऊन पुढं गेली.

तुळजाबाई आत वळली, तर चुलीपाशी गोजरबाई लेकाला समजावत होती, "जिवाला लावून घेऊ नको. राजूरची एक पोरगी पाहून ठिवलीय. इचीबी कूस तीन वर्सांत कुठं उजवली?"

रामराव नाही म्हणाले नाहीत.

ज्याच्यासाठी तुळजाबाई जळत होती, त्याला दोघी सारख्याच! ती अनवाणी धावत सुटली. "नंदा, मी खोटं बोलले. सहा वर दोन विसा हायेत. वाचव तिला!"

आरोग्य केंद्राची जीप आली. गोजरबाई आडवी आली, तशी तुळजाबाई कडाडली, "बाजूला व्हा, आत्याबाई! दोघींना वांझ ठरवलं, पण लेकाला एकदा तरी तपासलं का? तिसरी आणली तर ठाण्यात मी जाईन, बराबर ध्यानात ठिवा."

आठव्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात उषाबाई उठून बसली. तुळजाबाईनं मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"ऐकलं व्हतं मी, अक्का," उषाबाई म्हणाली. "बोलायला दम नव्हता. पण तुम्हाला कोन्या तोंडानं बोलू? तीन वर्सं मीबी रेणुकाईला तुमचं मरण मागून राह्यले."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. वाचकहो, दोन भल्या बायकांना एकमेकींच्या मरणावर टपून बसायला शिकवलं कुणी? त्या लग्नात अक्षता टाकायला आपणही गेलो होतो.