झाडलेली राई

देवराईच्या तोंडाशी शर्मिलाने चपला काढल्या आणि पहिलं पाऊल आत टाकताच ती थबकली. वैशाखात या राईत शिरावं तर पायाखाली घोटाभर पातेरा, झडलेला वाळका पाला, चुरचुरतो. आज तळव्यांना लागली ती झाडून चोपडी केलेली माती. त्यावर पाणी शिंपडलेलं, देवाच्या पाषाणापर्यंत रांगोळीसुद्धा.

"वा, काय स्वच्छता!" मागून समितीचे साहेब म्हणाले.

शर्मिलाची नजर पातेरा शोधत पार पाषाणामागे गेली.

राईला लागून असलेल्या कातळावर जांभ्या चिऱ्याची खाण काढायचा घाट घातला होता. राईत जीवजंतू सापडले तरच ही समिती परवानगी नाकारणार होती. खाणवाल्याच्या तज्ज्ञाने शिमग्यात येऊन राई उभ्या उभ्या पाहिली आणि इथे किडामुंगीही नाही, असं ठोकून दिलं. आता भुंगे काय गाडीचा आवाज ऐकून आरती घेऊन सामोरे येतात? पावसात हीच राई शेणकिड्यांनी, भुंग्यांनी, सोनपाखरांनी गजबजते. ऊन तापलं की तीच मंडळी पातेऱ्याखालच्या ओलाव्यात, कुजक्या लाकडात दडी मारून बसतात, बरीचशी अळीच्या रूपात. शर्मिला कॉलेजात हेच शिकवायची. समितीपुढेही ती तावातावाने म्हणाली होती, भर उन्हाळ्यात या, पातेरा उचलून दाखवते. साहेब शब्दाला जागून आले होते. उचलायला पातेराच नव्हता.

तिने खुरप्याने माती उकरून पाहिली. पाषाणामागचा कुजका ओंडका शोधायला गेली, तर तिथे ओढून नेल्याची खूण तेवढी होती. साहेब घाम पुसत उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. जाताना एवढंच म्हणाले,

"मॅडम, पावसात किडे सगळीकडेच असतात हो. मी आज दिसलं तेच लिहिणार."

गाडी वळली तशी शर्मिलाची आई, सुगंधा, पदराला हात पुसत आली. चेहरा नुसता फुललेला. कोकणात पाहुणा येणार म्हटलं की बायकांच्या अंगात येतं, आणि इथे तर लेकीबरोबर मोठा साहेब येणार होता. वाडीतल्या बायका गोळा करून तिने राई लख्ख झाडून घेतली होती. भाजावळीचे दिवस, म्हणून सगळा पातेरा भाताची रोपं करायच्या जमिनीवर पसरून जाळला. ओंडका शेजारच्या बाबलीकडून चुलीसाठी फोडून घेतला. देवाची सेवा झाली, शेताचं काम झालं आणि लेकीचं नाक वर राहिलं, अशी तिची समजूत.

"सायब खूश झालो मां?"

"आये, माजे किडे त्याच पातेऱ्यात होते. तू सगळे जाळलंस. आता खाण होतली."

सुगंधाचं तोंड उतरलं.

"सायबाक घेऊन येतंय, एवढाच सांगलंस तू फोनार," ती म्हणाली. "पातेरो ठेव म्हणान कधी सांगलंस?"

परक्या लोकांना शर्मिला पडद्यावर चित्रं दाखवून पातेऱ्याची महती सांगत फिरायची. आईने विचारलं की मात्र 'तुका नाय कळाचा' म्हणून उडवून लावायची. तिला स्वतःचीच शिसारी आली.

उन्हं कलली तरी आई घरात दिसेना, म्हणून शर्मिला राईकडे गेली. सुगंधाने आपल्या काजूच्या झाडांखालचा पाला टोपल्या भरभरून आणला होता. कोकमाची सोलं वाळत घालावीत तशी मूठमूठ पाला ती उघड्या मातीवर सुटा करून पसरत होती. कंबर वाकलेली, छातीत धाप.

"आता येतले ते?" मान वर न करता तिने विचारलं.

"येतले," शर्मिला म्हणाली. "पण आधी खाणीच्या मशिनी येतल्यो, आये."

सुगंधाने ऐकलं. टोपलीच्या तळाला चिकटलेली पानं तिने बोटांनी खरवडून काढली, तीही पसरली आणि पुढची टोपली आणायला निघाली.