उचगावच्या फौंड्रीत घण रुसला

सहा वर्षांत फौंड्रीत घण हाणणाऱ्या केरबाचा पगार एकदाच वाढला, तोही मालकांच्या घरी लगीन निघालं म्हणून, तीनशे रुपयांनी. खोटं वाटत असंल तर उचगावात कुणालाबी विचारा. माझं नाव तेवढं सांगू नका.

पगारवाढीचं बोलणं वर्षातनं एकदाच, खंडेनवमीला, हत्यारं पुजून नारळ फुटला की. एका साली मालक अमरसिंह म्हणाले, "लोखंड महागलं." पुढल्या साली लोखंड उतरलं, तर "मालाला भाव न्हाय." मग ऑर्डरींचा ढीग लागला, तर "बोलायला सवड कुठाय?" यंदा दारात नवी गाडी, तिलाही झेंडूचा हार. "हिचा हप्ता सुरू झालाय, केरबा. समजून घ्या की."

केरबा भट्टीगत तापला. "म्हशीनं दूध वाढवावं म्हणून पेंड वाढवता न्हवं? मग आमीच तेवढं वारा खाऊन घण हाणायचा व्हय?"

"परवडत नसंल तर जावा की दुसरीकडं!"

पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडं कोण घेतंय? मालकांना ते पक्कं ठाऊक. केरबानं दात आवळले आणि ऐरणीवर पुजून ठेवलेल्या घणाकडं बघितलं. शेजारी वेल्डर उजैरही घणाकडंच बघत होता.

दसऱ्याला सकाळी त्याच घणानं ऐरणीवर पहिला घाव केरबानं घालायचा. त्याआधी भट्टी पेटवायची न्हाय, ही मालकांच्या आज्यापासूनची रीत. फाटकात माल न्यायला ट्रक उभा. केरबानं दांडा धरला. घण ऐरणीवरनं हलंना! तालमीतले तीन पैलवान आणले. एकाचा लंगोट सुटला, घण तसाच. क्रेन लावली, तर शेडचं छप्पर खाली वाकलं. हे मी या डोळ्यांनी बघितलं.

मालकांना घाम फुटला. "केरबा, हे काय रं?"

"रुसलाय, मालक. सा वर्सं उपाशी हाय."

"दोन हजार वाढवतो!"

"कुणाच्या लग्नाची वाट न बघता? दर साली? कागदावर लिवा."

ट्रकवाला हॉर्न बडवत होता. मालकांनी लिहिलं, सही केली. मग घणाची समजूत काढायला उजैर ग्राइंडर घेऊन बसला. ठिणग्या उडाल्या; जुना रुसवा निघताना उडतातच.

केरबानं घण फुलागत उचलला. हसला न्हाय. असा घाव घातला की आवाज पार लांब पेठ वडगावात ऐकू गेला.

"मालक," तो म्हणाला, "फुडल्या खंडेनवमीलाबी ह्यो पुजेतच असणार हाय."