कणकण

डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली. "दबाइए. जोर से."

अनुपमाची मूठ अर्ध्यावरच अडली.

सुट्टीत आखातातून पुण्याला गेली तेव्हा चिकनगुनिया झाला होता. ताप लगेच उतरला. पण वर्ष होत आलं तरी सकाळी लेकीच्या वेणीचा पेड हातात धरवत नव्हता.

"रिपोर्ट तो नॉर्मल है. पेन किधर है?"

"पेन है ही, पर वो... कणकण रहती है."

"कनकन?" डॉक्टर हसले.

ऑफिसात दिवसभर फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या तिला पुढे शब्दच सुचेना. कापसाचे बोळे भरत असलेल्या वसईच्या फिलोमिना सिस्टर वळल्या.

"जो बुखार थर्मामीटर में नहीं चढ़ता, डॉक्टर, हड्डी में बैठता है. वो."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "वायरल के बाद रहता है ऐसा. महीनों. आपका वहम नहीं है."

अनुपमाचे डोळे भरून आले.

"ऑफिस के लिए लिख देता हूँ. टाइपिंग कम, फिजिओथेरपी चालू."

ऑफिस म्हणताच तिचे हात पर्सखाली गेले. गेल्या गुरुवारी एचआरनं तिच्या दोघा सहकाऱ्यांना आत बोलावलं; जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची टेबलं रिकामी झाली होती. नवऱ्याची, गुणवंतची, नोकरी गेल्यापासून घरातल्या सगळ्यांचा व्हिसा तिच्याच नोकरीवर होता.

"सिस्टर, सांगा ना त्यांना. म्हणावं, आमच्यात दमल्यावर असंच म्हणतात."

"अगो बाय, आत्ताच मी..."

"सांगा हो."

फिलोमिना तिच्याकडे बघत राहिल्या. मग बोळ्यांच्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "मेरी गलती, डॉक्टर. थकान को ही बोलते हैं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "फिर आराम कीजिए."

घरी, डिस्कव्हरी गार्डन्सच्या दोन खोल्यांत, गुणवंत आमटीला फोडणी देत होता.

"काय म्हणाले?"

"काही नाही. थकवा."

"बघ! मी म्हणत नव्हतो? उगाच टेन्शन घेतेस."

"तुझ्या हातची आमटी खाऊन आलाय थकवा."

तो मोकळेपणानं हसला. किती दिवसांनी.

ओट्याजवळ स्टुलावर चढून ईश्वरी बरण्यांची झाकणं फिरवत होती. हळदीची, मिठाची, लोणच्याची. उघडत नव्हती, नुसती सैल करून ठेवत होती.

अनुपमा तिच्या कानाशी वाकली. "पप्पांना काही बोलायचं नाही हं."

"आय नो, मम्मा," ईश्वरीनं पुढची बरणी पोटाशी धरली. "इट्स ओन्ली थकवा."