बुडण्याचा तक्ता

मी एक जुना नियमग्रंथ आहे. ‘ग्रंथ’ हा शब्द माझ्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत छापला होता. आता सोने उडाले आहे आणि नुसता खळगा उरला आहे. म्हाताऱ्या पुस्तकाने गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल. मित्रांनो, आज ते जमणार नाही. मी रागावलो आहे, आणि का रागावलो आहे ते तुम्हाला नीट समजावून सांगणार आहे.

मी ज्या खेळाचे नियम सांगतो त्याला पट नसतो, सोंगट्या नसतात. टेबलाभोवती माणसे बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी वाट चुकलेला राजदूत. पात्राने काही धोक्याचे करायचे ठरवले, की फासा टाकायचा आणि त्याचा अर्थ माझ्या पानांत शोधायचा. फासा फिरला तर पात्र मरते. वर्षानुवर्षे जिवापाड जपलेले पात्रसुद्धा.

मला दोन मित्रांनी लिहिले. एकेका नियमावर ते स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून भांडत, खेळून बघत, पुन्हा भांडत. पण छापखान्यात घाई झाली. ‘बुडण्याचा तक्ता’ जुळवताना दोन रकान्यांची अदलाबदल झाली. त्यामुळे माझ्या त्या पानावर पोहता येणारा माणूस चटकन बुडतो आणि पोहता न येणारा मजेत तरंगतो.

मला विकत घेणारा मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. बारीक चूक त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. पहिल्याच खेळात त्याने पेन्सिल काढली, दोन रकान्यांवर दोन बाण ओढले आणि खाली लिहिले : ‘उलटे छापले आहे. छापणाऱ्याला पोहता येत नसावे.’

पुढे माझे समास अशा नोंदींनी भरून गेले. मामाच्या दोन्ही भाच्या माझ्यावरच वाढल्या म्हणा ना! धाकटीला वाचता येत नव्हते तेव्हापासून तिचे एकच पात्र होते, नावाडीण. तिचे चित्र तिने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर काढले आहे. वाद झाला की मामा म्हणे, “माझ्याकडे काय बघता? ग्रंथाला विचारा.” तेव्हा मला किती मान होता!

मग थोरलीच्या वाढदिवसाला नवा ग्रंथ घरात आला. गुळगुळीत, रंगीत, जाडजूड. कपाळावर ठसठशीत अक्षरे : ‘संपूर्ण नवा! पहिल्या पानापासून नव्याने लिहिलेला!’ सगळे त्याच्यावर तुटून पडले. टेबलाचा एक पाय आखूड होता. मला त्याच्याखाली सारले गेले.

मित्रांनो, पायाखाली गेल्याचे दुःख मी गिळले असते. पण तिथे पडून मला ऐकू येत होते. थोरली नवा ग्रंथ मोठ्याने वाचत होती आणि वाक्ये माझी होती. दलदलीचे वर्णन माझे, चोराची शपथ माझी, मध्येच येणारा तो विनोदसुद्धा माझाच. चित्रांना रंग फासला होता, एवढेच काय ते नवे. संताप संताप झाला! पण पुस्तकाला ओरडता येत नाही.

एका दुपारी राजदूत नदीत पडला आणि त्याला वाचवायला नावाडिणीने उडी घेतली. धाकटीने वीस बाजूंचा फासा टाकला. बारा.

मामाने नवा ग्रंथ उघडला. “पोहता येणाऱ्याला पंधरा लागतात. बुडाली गं.”

“बुडाली? ती नावाडीण आहे, मामा! नदीतच वाढलीये ती!”

“नवा ग्रंथ, नवे नियम. मी काय करू?”

“आणि तो राजदूत?” थोरलीने विचारले. “त्याला तर हात मारता येत नाही.”

“त्याला... पाच पुरे.”

मामाने त्या रकान्यांवरून पुन्हा बोट फिरवले. तो म्हणाला, “थांबा जरा. हे मी आधी वाचलंय.”

त्याने मला पायाखालून ओढले. टेबल कलंडले, फासे घरभर झाले. दोन्ही पाने शेजारी ठेवली. तोच तक्ता, तेच उलटे रकाने! फरक एवढाच, की माझ्या पानावर मामाचे बाण होते.

“मेल्यांनी चूकसुद्धा उचलली,” थोरली म्हणाली. तिने पहिले पान उलटले. माझ्या दोन लेखकांची नावे तिथे नव्हती. ‘संपादक मंडळ’ एवढेच छापले होते.

दुसऱ्या दिवशी तिघे मला आणि नव्याला घेऊन नव्याच्या प्रकाशकाच्या कार्यालयात गेले. विक्रीप्रमुख हसतमुख होता.

“जुन्या वाचकांचा आग्रह असतो हो. आवडतं ते काढायचं कशाला?”

“मग ‘संपूर्ण नवा’ कशाला छापलं?” थोरलीने विचारले.

“मुखपृष्ठ नवं आहे ना!”

तेवढ्यात त्याला माझे समास दिसले आणि त्याचे डोळे लकाकले. “अरे वा, दुरुस्त्या तयारच आहेत की! हे आम्हाला देऊन टाका. पाठ कापून पानं सुटी करावी लागतील, यंत्रात घालायला. दुरुस्त आवृत्ती काढू. बदल्यात नवा संच घेऊन जा. नकाशे, फासे, सगळं.”

मामा घुटमळला. मी त्याला दोष देत नाही. नकाशे खरोखर सुंदर होते. पण माझ्या शिवणीचा दोरा न् दोरा आवळला गेला.

“काका,” धाकटी म्हणाली, “तुम्ही हा खेळ खेळलात?”

“मी विक्री बघतो, बाळ.”

“मग इथे कोण खेळलं?”

त्याने आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिले. कोणीही मान वर केली नाही.

धाकटीने मला छातीशी धरले. “मग नाही देणार. आधी आमच्याकडे खेळायला या. पोहता येणारं पात्र घ्या. तुमच्याच तक्त्याने तुम्हाला नदीत टाकते.”

तो हसला. ती हसली नाही.

मित्रांनो, जुने पुन्हा छापू नये असे मी म्हणत नाही. छापा, पण ते जुने आहे हे सांगा, ज्याने लिहिले त्याचे नाव ठेवा आणि आधी खेळून बघा. आणि तुमच्या हाती माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याच्या समासातली पेन्सिल खोडू नका. ती कोणाला तरी बुडताना वाचवते.

नावाडीण जगली, राजदूतालाही तिने काठाला लावले. विक्रीप्रमुखासाठी मांडलेली खुर्ची अजून रिकामीच आहे. मी पुन्हा टेबलावर आलो आहे. आखूड पायाखाली आता नवा ग्रंथ आहे, आणि टेबल जरासुद्धा डगमगत नाही. अंगाने तो माझ्याएवढाच भरतो. भरणारच. आत सगळा मीच आहे.