लॅपटॉपचं कपाळ

"सुकन्या, पळत ये! सत्त्याण्णव!"

मी कणीक तशीच टाकून धावले. आमच्या ह्यांची हाक अशी असते की घराला आग लागली असं वाटावं. शिवमूर्ती खुर्चीच्या टोकावर बसून लॅपटॉपच्या पडद्यावरचा तापमानाचा आकडा दाखवत होते.

"चिप तापायलीय बघ. आता ती भिऊन हळू चालंल. हे बघ, लागली चालायला!"

आकडा उतरला, काम मंदावलं आणि हे खूश झाले. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं लातूरच्या बिल्डरांना करून देणं, हा ह्यांचा धंदा. एकेका चित्रासाठी लॅपटॉप तासभर घुरघुरायचा. दुसऱ्या कुणी सरळ नवा घेतला असता. ह्यांना मात्र जुना असा का वागतो ते आधी कळायला हवं होतं. लग्नात आलेला मिक्सरही त्यांनी असाच खोलला होता. तो अजून पिशवीतच आहे.

चिपनं किती वीज ओढायची याला मर्यादा असते आणि ती आपल्याला बदलता येते, हे नेटवर वाचल्यापासून तर त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. आधी त्यांनी मर्यादा वाढवली. लॅपटॉप ताडकन बंद पडला. मग कमी केली, आणि चित्र आधीपेक्षा लवकर तयार झालं!

"वीज कमी देली अन् काम लवकर झालं. कामून, सांग?"

"तुम्हीच सांगा."

"आधी भसाभसा खायचं, तापायचं, मंग दम खात बसायचं. आता बेतानं खातंय, पर थांबत न्हाई."

खरं सांगते, मलाही गंमत वाटायला लागली. भाजी ढवळता ढवळता मीच विचारायचे, "किती झाले हो?"

घरात त्या लॅपटॉपवर जीव असलेलं आणखी एक माणूस होतं. माझ्या सासूबाई, बसम्मा. रेणापूरचं किराणा दुकान त्यांनी एकटीनं चालवलं होतं. आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची आणि बोटांवर उरलेली दुकानातल्या तराजूला. गुडघे गेले, दुकान विकलं, त्या आमच्याकडे आल्या आणि तराजूच्या जागी लॅपटॉप आला. पडद्याला लावू नको, एवढंच ह्यांनी सांगितलं होतं. म्हणून कळांच्या वर जी बारीक जाळी असते, तिथं त्या तीन पट्टे ओढायच्या. "हेच याचं कपाळ," म्हणायच्या. घरातलं दुसरं कुठलंच काम त्यांना झेपत नव्हतं. पट्टे ओढले की पोराच्या कमाईला आपला हात लागला असं त्यांना वाटायचं, आणि आल्यागेल्याला त्या ते सांगायच्याही.

पण महिनाभरात लॅपटॉप पुन्हा तापू लागला. ह्यांनी मर्यादा आणखी उतरवली, तरी आकडा चढतच होता.

"एवढ्याशा विजेवर कसा काय तापायलाय?" हे डोकं खाजवत म्हणाले.

"खोलून बघा की," मी म्हणाले. मिक्सरची आठवण होती, तरी म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून त्यांनी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं. पंख्याच्या तोंडाशी राखाडी बोळा बसला होता. वारा शिरायला जागाच नव्हती. ह्यांनी तो नखानं उकरला आणि खो खो हसत सुटले.

"अगं, इभूत! त्या जाळीतून वारा आत घेतो हा. आईनं याचं नाकच बुजवलं की!"

मीही हसले. मग मला दारात सासूबाई दिसल्या.

"काय घावलं रं?"

"काय न्हाई, आई. धूळ हाय."

त्या भिंतीला धरत आल्या. बोळा चिमटीत धरून चोळला, नाकाशी नेला.

"माझी इभूत मला कळंना व्हय?" आणि बोळा पेपरवर ठेवत, "काम खोळंबलं का रं तुझं?"

ह्यांना आईशी खोटं बोलणं कधी जमलेलं नाही. "थोडंसं," ते म्हणाले.

"मंग सांगायचं न्हाई का, लेकरा?"

साफ केल्यावर लॅपटॉप सुसाट सुटला. ह्यांनी मर्यादा पुन्हा वर नेली, तरी आकडा सत्तरीच्या पुढं जाईना. त्यांनी मला हाक मारली नाही. मीच येता-जाता पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. झाकण मिटून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि चहा निवत ठेवून बसून राहिले. सासूबाई आंघोळ करून आल्या, कपाळाला विभूती लावली.

"आई, आता वरून लाव. झाकणावर लावली तर आत जात न्हाई."

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"ऱ्हाऊ दे. तू काम कर."

हे उठले आणि वाकून त्यांनी आईसमोर आपलंच कपाळ पुढं केलं. सासूबाईंनी स्वच्छ हाताची पालथी बोटं त्यांच्या गालाला लावली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर उरलेली विभूती सावकाश स्वतःच्याच दंडाला पुसून टाकली.