नीट फाटलेला आवाज

लोक मला भोंग्याचं खोकं म्हणतात, पण मी ॲम्प्लिफायर आहे. १९७२ साली नाशिकच्या मेनरोडमागच्या एका खोलीत लाउडस्पीकरवाल्या गोटीरामने मला जोडलं. पाठीत दिव्यासारखे काचेचे चार व्हॉल्व्ह, पुढे तीन बटणं.

घोटीपासून विंचूरपर्यंतची लग्नं मी वाजवली. गोटीरामचा एकच हट्ट, आवाज फाटता कामा नये. जरा खरखर आली की त्याचा हात बटणावर.

एकोणऐंशीच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी मल्हारी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. नोकरीत कारकून, सुट्टीला धोंडीरामशेठच्या ऑर्केस्ट्रात.

"गोटीरामदादा, शेठ म्हणतात माझी गिटार डासासारखी गुणगुणते. आज रंगली नाही तर माझ्या जागी अकॉर्डियन. मला हिचा आवाज फाडून हवाय."

"जन्मभर मी फाटू दिला नाही, आणि तू फाडायला आलास?"

"फाटू द्या हो. पण नीट फाटू द्या."

मल्हारीने माझी तिन्ही बटणं शेवटपर्यंत पिळली. मी नुसता भुंकलो. सहा तारांचा चिखल झाला. गोटीरामची बायको शकुबाई कणीक मळता मळता म्हणाली, "दळण संपल्यावर गिरणी अशीच बोंबलते. दाणा असला की कशी घुमते."

गोटीरामने मल्हारीचा हात बटणांवरून बाजूला केला. मग त्याने माझा बेस निम्म्यावर आणला, ट्रेबल थोडा उतरवला. "सहा नको, दोनच तारा छेड." आवाज कुठे फाटायला लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो रोज तिथूनच मागे फिरायचा. आज त्याने आवाजाचं बटण त्या जागेच्या केसभर पुढे ठेवलं. माझे व्हॉल्व्ह तापले आणि मी घुमलो. सूर ओळखू येत होता, आणि त्याला दात होते.

संध्याकाळी जयंतीच्या कार्यक्रमाला वसाहतीच्या मैदानात मल्हारीने तो सूर लावला, तसं मागून कोणी ओरडलं, "ओ गोटीराम, फाटतंय की."

त्याचा हात सवयीने माझ्याकडे आला. थबकला. मग गोटीराम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. गाणं संपलं तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे होते.

शेठ एवढंच म्हणाले, "मल्हारी, पुढचा कार्यक्रम इगतपुरीला. गाडी सातला निघेल."

आता १९८७ आहे. गोटीराम जाऊन दोन वर्षं झाली. शकुबाईने मला मल्हारीच्या घरी ठेवलंय. रविवारी ती चहाला येते, माझ्यासमोर बसून ऐकते आणि मल्हारीला म्हणते, "घाबरतोस काय? जोरात वाजव."

एक विनंती आहे. माझ्यावरची धूळ खुशाल पुसा. बटणं मात्र फिरवू नका. ती गोटीरामने लावलेली आहेत.