भोंगाताई सांगते ते खरं

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईला पुलापलीकडची सगळी वस्ती भोंगाताई म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण चिडवण्यापेक्षा त्यात मानच जास्त होता. गाडी उशिरा येणार असं ती म्हणाली, की लोक बाकावर पाय पसरायचे. फलाट बदलला म्हणाली, की बोचकी उचलून मुकाट्यानं पलीकडे जायचे. वरच्या फलकावर लाल अक्षरांत काहीही येवो. फलक किती वेळा तोंडघशी पडला होता, भोंगाताई एकदाही नाही. वस्तीत दोन बायकांचं भांडण मिटेना, तर तिसरी म्हणायची, "एकदा भोंगाताईकडून माईकवर वदवून घ्या बाई, म्हणजे खरं."

या खेपेला नगरपालिकेच्या निवडणुकीत तिची धाकटी बहीण उभी होती. धाकटी दवाखान्यात नर्स. वस्तीची जागा गोदामांसाठी मोकळी करायचा ठराव नव्या पालिकेपुढे येणार होता, आणि तो एखाद्या मतानं इकडचा तिकडे होईल अशी परिस्थिती होती. धाकटी निवडून आली तर वस्ती राहणार, पडली तर जाणार, इतका सरळ हिशेब. भोंगाताईचं घर वस्तीतच, म्हातारी आई तिथेच, बाप गेला तोही त्याच घरात. त्यामुळे तिनं बहिणीसाठी दारोदार चपला झिजवल्या. लोकांनी शब्द दिला. कापड रंगवायच्या कारखान्यात पहाटे कामावर जाऊन अंधार पडल्यावर सुटणाऱ्यांनी मतदानासाठी दुपारची सुटी मागून घेतली. धाकटी पडेल असं विरोधकांनाही वाटत नव्हतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेचं दार उघडल्या उघडल्या भोंगाताईनं मत दिलं, बोटाला शाई लावून घेतली आणि कामावर गेली. घोषणेची खोली म्हणजे जिन्याखालची काचेची पेटी. एक माईक, एक पंखा, एक स्टूल. तिथे मोबाईल न्यायचा नाही हा तिचा स्वतःचा नियम. मोबाईल जवळ असला की माईकमध्ये गुरगुर येते, गुरगुरीत गावाचं नाव बुडतं, आणि एखादी म्हातारी भलत्याच गाडीत चढते. म्हणून तो बाहेर कंट्रोलरच्या खणात पडलेला असायचा. त्या दिवशीही तिथेच होता.

दुपारी ती जेवायला बाहेर आली, तर कंट्रोलर म्हणाला, "काय गं, तुमच्याकडचं मतदान उद्यावर गेलं म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तूच." त्यानं मोबाईल पुढे केला.

तिचाच आवाज. 'कृपया लक्ष द्या' तिचंच, त्यानंतर घेतलेला दमसुद्धा तिचाच. मतदान यंत्रांत बिघाड झाल्यामुळे पुलापलीकडच्या नागरिकांचं मतदान आज होणार नाही, ते उद्या सकाळी याच शाळेत होईल, नागरिकांनी आज गर्दी करू नये. तिच्या सवयीप्रमाणे हे सगळं पुन्हा एकदा. ऐकताना तिला क्षणभर वाटून गेलं, की आपण बोललोही असू हे, कधीतरी तंद्रीत.

"हे मी नाही."

"मग कोण?"

मागल्या वर्षी आगारानं तिच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली होती. ती रजेवर असेल तेव्हा यंत्रानं तिच्या आवाजात बोलावं म्हणून. तेव्हा तिला कोण अभिमान वाटला होता! आवाज तिथून गेला, की कुणी फलाटावर मोबाईल वर धरून नेला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दिवसभर भोंग्यावर बोलणाऱ्या बाईचा आवाज चोरायला कुलूप फोडावं लागत नाही.

आता ऐका तिची चूक. कारखान्याची जेवणाची सुटी तेव्हाच झालेली होती. माणसं फाटकाबाहेर झाडाखाली डबे उघडून बसली होती. ती तशीच धावत गेली असती, समोर उभी राहिली असती, तर तिचं तोंड बघून शंभरातली नव्वद उठली असती. पण जन्मभर जिनं काही सांगायचं ते माईकवरून सांगितलं, तिला दुसरं काय सुचणार? ती पुन्हा काचेच्या पेटीत शिरली. "कृपया लक्ष द्या. मतदान उद्या नाही. मतदान आजच आहे. माझ्या आवाजातला निरोप खोटा आहे." भोंगे कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू जायचे. तिनं घसा फाटेस्तोवर सांगितलं.

तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की जरा वेळापूर्वीच निवडणूक कार्यालयाला जाग आली होती. तिथले निरोपही हल्ली यंत्रच लिहितं, साहेब नुसती मान हलवतात. सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं: बसस्थानकाच्या निवेदिकेच्या आवाजात मतदानाबाबत खोटे संदेश पसरवले जात आहेत, अशा कोणत्याही आवाजावर विश्वास ठेवू नये. बस्स. कुठला संदेश खोटा, मतदान आज की उद्या, याचा पत्ता नाही. सकाळी पहिला निरोप आला तेव्हा कुणी काही बजावलं नव्हतं. आता बजावलं, आणि लगोलग भोंगा वाजला. मग खोटा कुठला, हे शेंबडं पोरही सांगेल. झाडाखालची माणसं एकमेकांकडे बघून हसली. "आला बघा तो बनावट आवाज. केवढा हुबेहूब काढलाय!" शिट्टी झाली आणि सगळे आत गेले. दुपारची सुटी त्यांनी सकाळीच बदलून उद्याची करून घेतली होती.

तिनं शेजारच्या मुकादमाला फोन लावला. तो आत, रंगाच्या हौदांवर होता.

"दादा, मी बोलतेय. मतदान आज आहे. सगळ्यांना घेऊन निघ."

"मी म्हणजे कोण?"

"अरे मी! भोंगाताई!"

"आवाज तर अगदी तिचाच आहे रे," मुकादम बाजूच्या कुणाला तरी म्हणाला.

"दादा, चेष्टा नको. तुझी पोरगी तापानं फणफणली होती तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं? माझी धाकटीच ना? हे यंत्राला कसं कळणार?"

"त्याला सगळं कळतं. आमच्या मोबाईलमध्ये शिरून बसलंय ते."

"मग व्हिडिओ लाव. तोंड बघ माझं."

"तोंडंही बनवतात आजकाल. आम्ही काय दुधखुळे आहोत?" मुकादम म्हणाला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "आमची ताई खोटं बोलत नाही, कळलं? तिनं उद्या म्हटलंय." आणि फोन ठेवला. नंतर तिचा नंबर लागेचना.

ती कारखान्यावर धावली. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. पाळी सुटायच्या आत फाटक उघडलं तर त्याची नोकरी जाणार होती, आणि त्यालाही पोरंबाळं होती. तिथून ती निवडणूक कार्यालयात गेली. अधिकारी तरुण, सभ्य. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, आम्ही इशारा दिलाय ना."

"त्यात मतदान आज आहे एवढंच घाला हो. तीन शब्द!"

"नवा मजकूर वर मंजुरीला जातो. पाठवलाय मी." तो खरंच हळहळत होता. "पण तक्रार कशाची लिहून घेऊ, सांगा. केंद्र उघडं आहे. कुणाला अडवलेलं नाही, रांगेतून कुणाला हाकललेलं नाही."

"रांगच नाहीये!"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

तिला रडू फुटलं. सगळ्या गावाला वेळेवर गाड्यांत बसवणारी बाई एका टेबलापुढे हमसून हमसून रडली. रडण्याचा आवाज मात्र कुणाला बनावट वाटला नसता.

वस्तीत पोचली तेव्हा धाकटी घामाघूम होऊन दारं ठोठावत फिरत होती. घरी होती ती म्हातारी माणसं. काही तिच्यामागून निघाली, काही म्हणाली, पोरगी घाबरलीय, गोंधळलीय, उद्या देऊ की मत. आईनं उद्यासाठी चांगलं लुगडं काढून खाटेवर ठेवलं होतं.

"आई, ऊठ. मतदान आज आहे."

"तूच तर सांगितलंस उद्या म्हणून. दोनदा सांगितलंस."

"ती मी नव्हते." तिनं शाईचं बोट आईच्या डोळ्यांपुढे धरलं. "हे बघ. मी सकाळीच देऊन आले."

आई बोटाकडे बघत राहिली, मग तिच्या तोंडाकडे. "तू नव्हतीस? अगं, मी तुझा आवाज ओळखणार नाही होय? पोटात होतीस तेव्हापासून..." आणि म्हातारी चक्क घाबरली. "मग आता बोलतेयस ती कोण?"

तिनं आईला जवळजवळ उचलूनच नेलं. शाळेचं दार लागता लागता म्हातारीचं मत पडलं. मोजणी हल्ली यंत्रावर त्याच दिवशी होते, ती दिवे लागायच्या सुमारास संपली. धाकटी पडली. फार नाही, थोडक्यात पडली, आणि थोडक्यात पडणं जास्त लागतं. निकालाचे निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर आले. पण एव्हाना वस्तीनं शहाणपणानं ठरवलं होतं, की आता मोबाईलवर येईल त्यातलं काहीही खरं मानायचं नाही.

रात्रभर मोजणी केंद्रावर दाद मागून सकाळी दोघी बहिणी शाळेपाशी आल्या, तर दाराला कुलूप आणि दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग. कारखान्याचे लोक होते, दाढ्या करून आलेले. बायका होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या. धाकटी जितक्या मतांनी पडली त्याहून कितीतरी जास्त माणसं तिथे ओळखपत्रं हातात धरून उभी होती. लांबून येणारे रांग बघत होते आणि मागे उभे राहत होते.

भोंगाताईनं तोंड उघडलं, पण घशातून शब्द फुटेना. आदल्या दिवशी बसलेला घसा, की आणखी काही, कोण जाणे. तिनं नुसते हात हलवले. लोकांना वाटलं, रांग सरळ करायला सांगतेय. ते सरळ झाले.

रांगेत सगळ्यांत पुढे मुकादम होता. त्याला धाकटी दिसली, तिचे सुजलेले डोळे दिसले. पुढे होऊन त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडतेस काय वेडे? सगळी वस्ती आलीय बघ. एकही मत इकडचं तिकडे होणार नाही," तो म्हणाला. "दार तेवढं उघडू दे."